वरचा ग्रेड, साधा ग्रेड आणि पोटाखालचं ते झाकण

एकाच बोल्ट-ॲक्शन, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायच्या, रायफलचे दोन ग्रेड आमच्या घरात आहेत. काळ्या सिंथेटिक दस्त्याचा साधा ग्रेड आधी घेतला, तो आता धाकटा भाऊ वापरतो. अक्रोडाच्या दस्त्याचा वरचा ग्रेड गेल्या मोसमाच्या तोंडावर माझ्यासाठी आला. दोन्ही ३०८ या काडतुसाच्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्या सर्व्हिसवर तोंड सोडणार आहे.

ज्याची सगळ्यांना उत्सुकता असते ते आधी उरकतो. नेमात फरक नाही. नळी तीच, बोल्ट तोच, चापाची यंत्रणा तीच. एकाच पेटीतली काडतुसं वापरली तर शंभर मीटरवरच्या कागदावरची भोकं बघून कुठली कुठल्या रायफलची ते मला तरी सांगता येत नाही. म्हणजे जास्तीचे पैसे गेले लाकडाला, पॉलिशला, चेकरिंगला (पकडीसाठी कोरलेल्या जाळीला) आणि एका बिजागरीला. लाकूड देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण ते ओल धरतं. ओल्या हवेत राहिलं की ॲक्शनचे (नळी-बोल्टचा सांगाडा दस्त्याला धरणारे) स्क्रू तपासा, दस्ता कुठे नळीला टेकायला लागलाय का ते कागदाची पट्टी सरकवून बघा, अशी कामं मागे लागतात. भावाच्या प्लॅस्टिकला यातलं काही नको. त्याचा पुढचा भाग मात्र लवचिक आहे. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) भार दिला की तो नळीला भिडतो.

आता झाकण, म्हणजे मॅगझिनच्या (काडतुसांच्या कप्प्याच्या) तळाचं बिजागरीवर उघडणारं दार. साध्या ग्रेडमध्ये ते नाही, तळ बंद आहे. भरायचं वरून, रिकामं करायचंही वरूनच. दिवसभर काही दिसलं नाही, अंधार पडला, गारठलेल्या बोटांनी बोल्ट पुढे-मागे करत एकेक काडतूस बाहेर काढत बसायचं. पुश-फीड, म्हणजे काडतूस नुसतं पुढे ढकलणाऱ्या, बोल्टमध्ये तर काडतूस मॅगझिनमधून सुटतं, पण बोल्ट पुरता बंद होईपर्यंत एक्स्ट्रॅक्टर (काडतूस धरून बाहेर ओढणारा आकडा) ते धरत नाही. मग एक तर ते मध्येच हाताने उचला, नाहीतर प्रत्येक जिवंत काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, घालून परत ओढा. थकलेल्या माणसाने करायचं हे काम नव्हे. वरच्या ग्रेडमध्ये बोल्ट उघडून चेंबर मोकळं केलं, झाकणाचा खटका दाबला, की उरलेली सगळी काडतुसं तळहातावर. एवढ्या एका सोयीसाठी मी जास्तीचे पैसे मोजले.

हा भेद जुनाच. रेमिंग्टनने १९६२ मध्ये मॉडेल ७०० आणलं तेव्हाही एडीएल या स्वस्त प्रकाराला बंद तळ आणि बीडीएल या महाग प्रकाराला उघडणारं झाकण दिलं होतं. त्यात त्या काळी सेफ्टी लावली की बोल्टही अडकायचा, म्हणजे रिकामी करायला सेफ्टी काढणं आलं. ते १९८२ मध्ये बदललं. विंचेस्टर ७० च्या तीन टप्प्यांच्या सेफ्टीत मधल्या टप्प्यावर फायरिंग पिन अडवलेली आणि बोल्ट मोकळा असतो, शिवाय जुन्या ७० चा पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो. १९६४ मध्ये काटकसर म्हणून कंपनीने तो पंजा काढला, आणि जुन्या रायफली लोक आजही हुडकत फिरतात. उगाच नव्हे.

इथवरचा मजकूर मोसमाच्या मध्यावर लिहून ठेवला होता. खाली 'वरचाच ग्रेड घ्या' असं ठणकावून सांगायचं बाकी होतं. मग एके दिवशी रेंजवर गोळी झाडली आणि धक्क्याबरोबर झाकण आपसूक उघडलं. उरलेली काडतुसं चिखलात.

सर्व्हिसवाले म्हणाले, खटक्यात घाण गेली असेल. जाणारच! शिकारीची रायफल आहे, काचेच्या कपाटातली फुलदाणी नव्हे. मग म्हणे मॅगझिन जास्त भरलं असेल. चार बसतात तिथे पाचवं कोंबून दाखवा म्हटलं, तेव्हा फोन दुसऱ्याकडे गेला. दुसऱ्याने पुन्हा घाणीपासून सुरुवात केली. शेवटी भावानेच खटका उजेडात धरून बघितला. स्प्रिंग लुळी पडलेली आणि झाकण धरून ठेवणारी कड घासून गोल झालेली. नखाएवढा तुकडा, आणि वरच्या ग्रेडचं सगळं मोठेपण त्याच्यावर टांगलेलं. भावाच्या रायफलमध्ये हे बिघडूच शकत नाही, कारण तिथे बिघडायला काही ठेवलेलंच नाही.

तरी झाकण मला हवंच आहे. फक्त आता त्यासाठी अख्खा ग्रेड चढायला मी कुणाला सांगणार नाही. काढ-घाल करायचं मॅगझिन असलेली साधी रायफल बघा, टिक्का टी३एक्सच्या स्वस्त-महाग सगळ्या प्रकारांत ते असतं. ते हरवलं तर पंचाईत होते, म्हणून एक जादा ठेवावं लागतं, तो खर्च धरूनच हिशेब करा. उरलेले पैसे दुर्बिणीत घाला. वरचाच ग्रेड हवा असेल, तर दुकानात लाकडाच्या रेषा बघत बसण्याआधी मॅगझिनमध्ये डमी काडतुसं भरायला सांगा आणि झाकणाजवळ तळहाताने दोन-चार थापा मारा. उघडलं तर दुसरी मागा.

खटका आणि स्प्रिंग वॉरंटीत बदलून मिळाली, झाकण आता घट्ट बसतं. रायफल पाठवण्याचा खर्च मात्र माझ्या खिशातून गेला. तो मी अजून मागतोय.