रात्रीच्या फुटबॉलसाठी भाड्यानं घेतलेले लाइट अन् जनरेटर : रिव्ह्यू

आमच्या गावच्या नॉकआउट टुर्नामेंटले यंदा तालुक्याच्या एका डेकोरेशनवाल्याकडून फोकस, बल्ल्या, जनरेटर सगळंच भाड्यानं घेतलं, अन् राजेहो, ज्याले रात्रीची फुटबॉल खेळवायची असन त्यानं याच माणसाले बोलवावं.

लग्नाच्या हिशोबानं लाइट देणारे लय आहेत, पण फुटबॉलची मॅच किती वाजता संपन हे कोणाच्याच हातात नसते. बरोबरी झाली का पेनल्टी, अन् पेनल्टीले टाइमच नाही. पाच-पाच किक मारूनही बरोबरी राहिली तर सडन डेथ, मंग एकानं गोल मारला अन् त्याच फेरीत दुसऱ्यानं घालवला तेव्हाच निकाल. २०२४ मध्ये इस्रायलच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या प्लेऑफमध्ये डिमोना अन् शिमशोन तेल अवीव यांच्यात ५६ किक झाल्या, डिमोना २३-२२ नं जिंकली. त्याच्या आधी २०२२ मध्ये इंग्लंडातल्या वॉशिंग्टन अन् बेडलिंग्टन टेरियर्स या लहान क्लबांच्या ५४ किक झाल्या, २५-२४, म्हणजे ५४ मधल्या ४९ आत! एका किकले पाऊण मिनिट धरलं तरी अर्ध्या तासाच्या वर जाते. हे मी बुकिंगच्या टायमालेच सांगितलं होतं, त्या भाऊनं नीट ऐकून घेतलं अन् डिझेलचा कॅन जास्तीचा आणला.

अन् सेमीफायनलले तेच झालं. दोन्हीकडचे अकराच्या अकरा पोट्टे मारून झाले, गोलकीपर सुद्धा, अन् परत पहिल्यापासून सुरू, कारण सगळ्यांची एकेक झाल्याशिवाय कोणाले दुसरी मारता येत नाही. त्यातच लाइन गेली. जुने मेटल हॅलाइडचे मोठे बल्ब असते तर ते थंडे होऊन परत पेटेपर्यंत सगळे ताटकळत बसले असते, याचे एलईडी होते, जनरेटर चालू केल्याबरोबर ग्राउंड उजेडात.

मले सगळ्यात आवडलं ते असं का पेनल्टी दोन्ही टीमले एकाच गोलवर मारा लागते हे त्याले समजत होतं. रेफ्रीनं गोल ठरवला तसे यानं दुसऱ्या टोकाचे दोन फोकस तिकडं फिरवले. आधी एक बल्ली बरोबर गोलच्या मागं गाडली होती, किक मारणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड येत होता, एकदा सांगितलं तर बाजूले घेतली. कीपरले बॉल पायातून सुटताना दिसला पाह्यजे हो, नाहीतर तो बिचारा नुसता अंदाजानं उडी घेते.

कमी काय, तर जनरेटर ग्राउंडच्या लय जवळ ठेवला, शिट्टी ऐकू येईना. अन् केबल पब्लिक उभी राहते तिथून मोकळीच नेली होती, लहान पोरं असतात, ती मातीत दाबाच म्हणून सांगा.

रेट बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त आहे पण पैसे वसूल. ५ पैकी ४ स्टार. फक्त बोलणी तासावर करू नका, "मॅच संपेपर्यंत" असंच ठरवा, अन् तारीख लवकर घ्या, लग्नसराईत तो भेटत नाही.