बाल्डर्स गेट ३ : दान उलटं पडलं तरी लोड मारू नका

खरं सांगायचं तर हा गेम मी आल्या आल्या घेतलाच नव्हता. ३ ऑगस्ट २०२३ ला पीसीवर आला, जो तो त्याचंच बोलतोय, आणि मी 'टर्न बेस्ड' एवढं वाचून पेज बंद केलं. आपला पिंडच वेगळा, राक्षस दिसला की तलवार फिरवायची सवय, त्यात हे एक चाल करा आणि मग समोरच्या आठ जणांच्या चाली बघत बसा, म्हणजे रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं. मग डिसेंबरात गेम ऑफ द इयर मिळालं आणि आमच्या ग्रुपमधल्या एकाने रोज रात्री डोकं खाल्लं तेव्हा घेतला. आता तीन प्लेथ्रू झालेत, म्हणजे दोन पूर्ण आणि एक ऑनर मोडमध्ये मेलेला, त्याचं सांगतो पुढे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने बनवलाय, नियम सगळे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे. आधीचे दोन भाग १९९८ आणि २००० चे, ते बायोवेअरचे, मी ते खेळलेलो नाही आणि काही अडलं नाही (जुन्या लोकांना मात्र जाहेरा आणि मिन्स्क परत भेटल्यावर भरून येतं म्हणे). गोष्ट अशी की ऑक्टोपससारख्या तोंडाचे माइंड फ्लेअर तुमच्या डोळ्यातून डोक्यात एक अळी सोडतात, काही दिवसांत तुम्हीही तसलेच होणार, आणि त्याच अळीची लागण झालेले आणखी काही जण वाटेत भेटतात. उपाय शोधायला निघायचं. एवढंच.

आता मुद्द्याचं. या गेममध्ये सगळं फाशांवर चालतं. कुणाला पटवायचंय, कुलूप उघडायचंय, खोटं बोलायचंय, की स्क्रीनवर वीस बाजूंचा भलामोठा फासा येतो आणि गरागरा फिरतो. वीस पडले की पौ बारा, एक पडला की तुमचं स्किल कितीही असू दे, गेलंच काम. आणि इथेच खेळणाऱ्यांत दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, दान मनासारखं पडलं नाही तर सरळ एफ ८ दाबायचं, जुना सेव्ह लोड करायचा, पडेपर्यंत टाकत राहायचं, पैसे आपले वेळ आपला. दुसऱ्या तटाचं म्हणणं, पडलं ते पडलं. मी पहिल्या तटात होतो. पवनचक्कीपर्यंत.

पवनचक्कीचं असं झालं की एक ओसाड पडलेलं गाव लागतं, गोब्लिन लोकांनी एका बुटक्या नोमला पवनचक्कीच्या पात्याला बांधलेलं असतं, तो गरगर फिरतोय आणि ओरडतोय. गोब्लिनना मारलं, आत गेलो, दोन लिव्हर. एकावर 'ब्रेक' आणि दुसऱ्यावर 'रिलीज ब्रेक' असं लिहिलेलं. आता मी घाईत वाचलं रिलीज, म्हणजे सोडा, माणसाला सोडवायचंय ना मग सोडा, ओढला. चक्की सुटली सुसाट आणि तो बिचारा पात्यावरून सुटून जो उडाला तो दिसेनासाच झाला. मी दोन मिनिटं नुसता हसत होतो, मग वाईट वाटलं, मग एफ ८ वर बोट गेलं आणि का कोण जाणे थांबलो. दुसऱ्या प्लेथ्रूला बरोबर लिव्हर ओढला तेव्हा कळलं की हा नोम, म्हणजे बार्कस रूट, पुढे ग्रिमफोर्ज नावाच्या ठिकाणी भेटतो, मग दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये, मग थेट शहरात, आणि त्याची स्वतःची एक पूर्ण गोष्ट आहे. पहिल्या वेळी माझ्यासाठी ती गोष्टच नव्हती आणि तरी गेम कुठे अडखळला नाही, त्याच्याशिवाय नीट पुढे गेला. (आणि तो ज्या मित्रासाठी जीव काढतो तो वुलब्रेन, त्याच्याइतका कृतघ्न माणूस गेममध्ये दुसरा नाही. बाकी कशावरही भांडणारे खेळाडू वुलब्रेनवर मात्र एकमताने शिव्या घालतात.)

पण हसण्यावारी नेता येईल अशीच सगळी दानं नसतात हो. दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये सगळा मुलूख शापित अंधाराखाली आहे आणि त्यात लास्ट लाइट इन नावाची एक खानावळ तेवढी उजेडात, कारण इसोबेल नावाची पुजारीण तिच्या मंत्राने ती राखून आहे. मी सहज तिच्या खोलीत गेलो, बोललो, आणि अचानक तिला पळवायला पंखवाला मार्कस आला. माझी तयारी शून्य, निम्मे स्पेल संपलेले, इसोबेल स्वतःच पुढे जाऊन मार खात होती, आणि तीन टर्नमध्ये पडली. ती पडली आणि मंत्र गेला. मंत्र गेला तसे खालचे सगळे, ज्यांना पहिल्या अ‍ॅक्टमध्ये मी जिवाचं रान करून वाचवलं होतं तेच टिफलिंग (शिंगवाले निर्वासित), सावल्यांची भुतं होऊन माझ्याच अंगावर. त्यात डॅमन लोहारही गेला. आता डॅमन का महत्त्वाचा, तर कारलॅक. ही कारलॅक म्हणजे गेममधलं सगळ्यात गोड पात्र, नरकात सैतानाच्या फौजेत राबलेली, छातीत हृदयाच्या जागी एक धगधगतं इंजिन, त्यामुळे तिला कुणी हात लावला की भाजतो. ते इंजिन थोडं थंड करणारा माणूस एकच, डॅमन. पहिली दुरुस्ती त्याने केली होती, दुसऱ्या दुरुस्तीसाठीचं लोखंड माझ्या पिशवीत पडून होतं, तिला आधी त्याच्याकडे घेऊन जाण्याऐवजी मी वरच्या मजल्यावर चौकशा करत बसलो. पूर्ण गेमभर तिला कुणाला मिठी मारता आली नाही. यावेळी मी एफ ८ जवळजवळ दाबलं होतं, खोटं कशाला बोलू. रात्रीचे दोन वाजले होते, लॅपटॉप बंद करून झोपलो आणि सकाळी तिथूनच पुढे खेळलो, आणि माझ्या तीन प्लेथ्रूंपैकी लक्षात राहिलेला तोच आहे.

म्हणून म्हणतो, लोड मारत खेळलात तर तुम्ही अर्धाच गेम खेळता. बाकी गेममध्ये रोल फसला की 'परत प्रयत्न करा', इथे फसला की पुढचं वेगळंच काहीतरी बनवून ठेवलंय, आवाज, सीन, सगळं. तसं गेम तुम्हाला अगदी वाऱ्यावर सोडत नाही, इन्स्पिरेशनचे चार पॉइंट साठवता येतात, एक खर्च करून फासा परत टाकायचा, सोबत क्लेरिक म्हणजे पुजारी असेल तर त्याचा गायडन्स मंत्र म्हणजे वर चार बाजूंचा आणखी एक फासा. शिवाय सेटिंगमध्ये कार्मिक डाइस म्हणून आहे, सलग वाईट दानं पडू नयेत म्हणून फासे जरा सांभाळून टाकतं, ते आधीपासून चालूच असतं. मी बंद केलं. शकुनीचे फासे नकोत, आपलं नशीब आपल्याला हवं.

आता लोकांच्या तक्रारी. पहिली, कॉम्बॅट स्लो आहे. आहे, खरंच आहे, गोब्लिन कॅम्पात पंधरावीस जण एकदम अंगावर आले की आपली टर्न येईपर्यंत चहा होतो. पण पाच-सहा तास दिलेत की समजतं, ही तलवारबाजी नाहीच, हे बुद्धिबळ आहे ज्यात पटालाच आग लावता येते. कोळी किड्यांच्या राणीची लढाई घ्या, ती जाळ्याच्या पुलावर उभी असताना पूल जाळला की ती धप्पकन खाली, निम्मं काम तिथेच. आणि दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये तर तीन बॉस आहेत ज्यांना नुसतं बोलून संपवता येतं, त्यातल्या एकाबरोबर दारूची पैज लावायची आणि तो पिता पिता फुटतो! त्या रात्री माझा बार्ड, म्हणजे गाणारा-वाजवणारा गडी, जिंकला. हातात एक बासरी आणि तोंडात थापा, बाकी काही नाही.

दुसरी तक्रार, सगळे कंपॅनियन म्हणजे सोबती तुमच्या प्रेमात पडतात. हे अगदी बरोबर. गेलशी जरा माणुसकीने बोललं की त्याचं सुरूच, लेझेल तर थेट हुकूमच सोडते, अ‍ॅस्टेरियन रात्री मान चावायला येतो ते वेगळंच. तुम्ही कुणालाही हो म्हणू नका, एक गोष्ट म्हणून बघा, पात्रं मात्र खरीखुरी लिहिलीत. अ‍ॅस्टेरियनला आवाज देणाऱ्या नील न्यूबनला त्या वर्षीचं बेस्ट परफॉर्मन्सचं अवॉर्ड मिळालं, आणि तो हसता हसता मध्येच कसा गप्प होतो ते ऐकलं की का मिळालं ते कळतं. शॅडोहार्टचं पात्र पहिले वीस तास नुसतं खेकसतं, म्हणून बरेच जण तिला कॅम्पात सोडून देतात. नका सोडू. दुसऱ्या अ‍ॅक्टच्या शेवटी ती सोबत पाहिजेच.

तिसरी, इन्व्हेंटरी. यावर माझ्याकडे बचाव नाही. चमचे, कवट्या, सडके टोमॅटो, सतरा प्रकारचे बाण, आणि चार जणांच्या चार पिशव्या, माझ्या आजीच्या माळ्यावर याहून जास्त शिस्त होती.

एक चूक मात्र खेळणारेच करतात आणि नाव गेमचं घेतात. डोक्यात अळी आहे, वेळ कमी आहे असं गेम सारखं बजावतो म्हणून लोक झोपतच नाहीत, म्हणजे लाँग रेस्ट घेत नाहीत, तसेच रेटत राहतात आणि मग म्हणतात कंपॅनियनची गोष्ट पुढे सरकत नाही. अहो, त्या सगळ्या गोष्टी रात्री कॅम्पातच घडतात! दोन-चार ठिकाणं सोडली तर झोपल्याने काही बिघडत नाही. चाळीस सप्लाय लागतात, ते वाटेत पोत्याने मिळतात, बिनधास्त झोपा.

तिसऱ्या अ‍ॅक्टबद्दल मत जरा मिश्र आहे. शहर प्रचंड, दर दुसऱ्या घरात क्वेस्ट, आणि त्या गर्दीत लोअर सिटीत प्रोसेसरचा घाम निघतो, नंतरच्या पॅचेसनी बरंच सुधारलंय, पण जुन्या लॅपटॉपवर सेटिंग खाली आणावं लागेलच. दीडशे जीबी जागा लागते आणि एसएसडी हवी, आधी सांगून ठेवतो. मला मुख्य अडचण वाटली ती वेगळी, पहिल्या अ‍ॅक्टमध्ये कुठेही वळा काहीतरी दडलेलं असायचं, इथे वहीत इतक्या नोंदी जमतात की सरकारी कामं उरकल्यासारखं वाटायला लागतं, आणि लेव्हल बारावर थांबते त्यामुळे शेवटचे वीसेक तास वाढायला काही उरत नाही. पण राफाएलच्या नरकातल्या महालात जरूर जा. तो सैतान स्वतःच्या लढाईचं गाणं स्वतः गातो. एवढंच सांगतो.

वाईट मार्ग निवडणाऱ्यांची तक्रार की त्यांना गेम कमी मिळतो, तीही मान्य. गोब्लिनांच्या बाजूने ग्रोव्ह, म्हणजे टिफलिंगांनी आसरा घेतलेली वस्ती, लुटलंत तर कारलॅक आणि विल हे सोबती निघून जातात, टिफलिंगांचे सगळे पुढचे धागे तुटतात, बदल्यात मिळते मिन्थारा ही एक सोबतीण. २०२४ च्या पॅच ७ ने दुष्टांचे शेवट जरा भरगच्च केले, तरी मधला रस्ता रिकामाच.

छोट्या गोष्टी किती सांगू. प्राण्यांशी बोलायचं औषध मिळतं, ते प्याच, कुत्र्यापासून उंदरापर्यंत सगळ्यांना स्वतःचं म्हणणं आहे. मेलेल्याला पाच प्रश्न विचारता येतात, म्हणजे आपला वेताळच पण उलटा, इथे प्रश्न आपण विचारायचे आणि तो कंटाळून उत्तरं देतो. आणि हो, त्याच ओसाड गावात एक गोठा आहे, आतून चित्रविचित्र आवाज येतात. घरात कुणी मोठं माणूस मागे उभं असेल तर ते दार उघडू नका. माझी आई चहा घेऊन आली होती. यापुढे विचारू नका.

ऑनर मोड राहिला. एकच सेव्ह, मागे जाता येत नाही, सगळे मेले की संपलं. मित्र जर्मनीत, मी पुण्यात, त्याची संध्याकाळ आणि माझी मध्यरात्र, अशी दोघांची जोडी. स्मोकपावडरची पिंपं जमवून बॉसच्या पायाशी रचायची आणि पेटवायची ही आमची एकमेव स्ट्रॅटेजी. गोब्लिन कॅम्पात पिंपं आमच्याच मागे ठेवून पुढे कसं जायचं यावर मी भाषण देत होतो आणि एका गोब्लिनने पेटता बाण मारला. तीस सेकंद दोघंही काही बोललो नाही, मग तो म्हणाला, "झोप आता, उद्या ऑफिस आहे तुला."

पॅच ८ मध्ये, २०२५ च्या एप्रिलला, बारा नवे सबक्लास (पात्रांचे उपप्रकार) आणि क्रॉसप्ले आलं, त्यामुळे आता प्लेस्टेशनवाला भाचाही आमच्यात आलाय. कालच त्याने सुरू केलं. मघाशी मेसेज आला, मामा, पवनचक्कीत दोन लिव्हर आहेत, कुठला ओढू. मी अजून उत्तर दिलेलं नाही.