जळगावातील 'कोल्ड फ्यूजन' वॉटर हीटर : आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी

साध्या तापमानालाच अणुकेंद्रके एकत्र येऊन उष्णता निर्माण होते, या 'कोल्ड फ्यूजन'च्या दाव्यावर विकल्या जाणाऱ्या या हीटरचे प्रात्यक्षिक जळगावातील एका दुकानात पाहिले. विक्रेते अदबीने बोलतात, यंत्राची बांधणीही नीटस आहे; मात्र घेतलेल्या विजेच्या सहापट उष्णता मिळते, हा त्यांचा दावा मला पटला नाही.

त्यांच्या उष्णतेच्या हिशेबाची सारी मदार वाफेवर आहे. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात, तर त्याची संपूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २,२५७. त्यामुळे नळीतून वाफेबरोबर पाणीही बाहेर पडत असताना सगळ्याची वाफच झाली असे धरले, तर नसलेली उष्णता कागदावर उमटते. इथे तर रबरी नळीखालच्या बादलीत गरम पाणी साचताना स्पष्ट दिसत होते. इटलीतील आंद्रेया रोसी यांच्या ई-कॅट या अशाच दाव्याच्या यंत्राच्या २०११ मधील प्रात्यक्षिकांवरही हाच आक्षेप घेतला गेला होता.

पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठातून कोल्ड फ्यूजनचा पहिला दावा केल्यावर आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले. गूगलच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०१९ मध्ये 'नेचर'ने छापलेल्या तपासणीत मात्र त्याचा पुरावा सापडला नाही. संशोधन अवश्य व्हावे, पण वीजबिलाने मेटाकुटीला आलेल्या रावेर-यावलच्या केळी उत्पादकांच्या पैशावर नव्हे.

वाफ थंड पाण्याच्या पिंपात सोडून तापमानवाढ मोजावी, ही माझी विनंती विक्रेत्यांनी टाळली. ती चाचणी स्वतंत्र वीजमीटर लावून होईपर्यंत कोणीही आगाऊ रक्कम भरू नये.