घरबसल्या आतड्यातील जिवाणूंची चाचणी: ४० पानी अहवाल आणि राहून गेलेला प्रश्न

गेली अकरा वर्षे मला बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. आठवड्यातून दोनदा पोट साफ झाले, तर तो आठवडा बरा गेला असे मी मानते. एरंडेल, त्रिफळा, कोमट पाण्यात तूप हे सारे करून झाल्यावर मुलीच्या आग्रहाखातर आतड्यातील जिवाणूंची घरबसल्या चाचणी करून देणाऱ्या एका कंपनीचे दोन किट मी साडेचौदा हजार रुपयांना मागवले. या सेवेचा अनुभव बद्धकोष्ठता असलेल्या इतरांच्या उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

किटची बांधणी नेटकी आहे. झाकणालाच चमचा जोडलेली, आत द्रव भरलेली एक नळी, हातमोजे आणि मल गोळा करण्यासाठी एक कागदी झोळी येते. ही झोळी कमोडच्या कड्याला चिकटवायची असते. आमच्याकडे भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यामुळे तिचा काही उपयोग झाला नाही आणि शेवटी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावर काम भागवावे लागले. माहितीपत्रकात या शक्यतेचा विचारच केलेला नाही, याचे नवल वाटले. नमुना नेणारा माणूस मात्र दिलेल्या वेळेला आला आणि तीन आठवड्यांत ४० पानांचा अहवाल ईमेलवर मिळाला.

पहिल्या अहवालाने मला सुखद धक्का दिला. जिवाणूंची विविधता ‘उत्तम’ असून ‘अक्करमन्सिया’ हा आरोग्याला हितकारक म्हणून हल्ली गाजणारा जिवाणू माझ्याकडे भरपूर असल्याचे हिरव्या रंगात छापले होते. नमुना दिला तेव्हा मला चार दिवस शौचास झाले नव्हते, आणि झाले तेही शेळीच्या लेंड्यांसारखे. त्यामुळे एवढे उत्तम आतडे असूनही ही अवस्था का, हा प्रश्न सुटेना.

त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी रोज रात्री मोठ्या पेलाभर पाण्यातून इसबगोल घेऊ लागले. दोन महिन्यांत पोट एक दिवसाआड साफ होऊ लागले, मल मऊ झाला आणि कुंथणे जवळजवळ थांबले. या सुधारणेच्या आनंदात दुसरा नमुना पाठवला, तर अहवालाने विविधता ‘मध्यम’ ठरवली, अक्करमन्सिया घटल्याचे लाल रंगात दाखवले आणि शेवटच्या पानावर कंपनीच्याच प्रोबायोटिक कॅप्सूलचा सहा महिन्यांचा कोर्स सुचवला. म्हणजे मी बरी होत होते आणि कागदावर माझी तब्येत खालावत होती.

हे कोडे कंपनीच्या नव्हे, तर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे उलगडले. बेल्जियममधील संशोधकांनी ५३ स्त्रियांच्या नमुन्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला आहे, त्यात मलाच्या घट्टपणाचा जिवाणूंच्या विविधतेशी ठळक संबंध आढळला. मल जितका घट्ट, तितके जिवाणूंचे प्रकार अधिक, आणि अक्करमन्सियाही अधिक. मल आतड्यात रेंगाळला की सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना वेळ मिळतो, पिठूळ पदार्थ व तंतू संपल्यावर प्रथिनांवर जगणाऱ्यांचे फावते, आणि वाहत्या ओढ्यात जे टिकले नसते ते साचलेल्या डबक्यात वाढते. तेव्हा पहिल्या अहवालातली ‘उत्तम’ विविधता बहुधा माझ्या चार दिवसांच्या कोंडीचीच होती. दोन नमुन्यांवरून मी ठाम निष्कर्ष काढणार नाही, परंतु अहवाल लिहिणाऱ्याने ही शक्यता एका ओळीत तरी नोंदवायला हवी होती.

ती नोंदवता आली नाही, कारण त्यांनी विचारलेच नव्हते. नमुन्यासोबत भरायच्या ऑनलाइन प्रश्नावलीत घरात कुत्रा-मांजर आहे का, झोप किती तास, जन्म नैसर्गिक प्रसूतीने झाला की शस्त्रक्रियेने, असे नानाविध प्रश्न होते. शेवटचे शौचास कधी झाले आणि मल कसा होता, हा प्रश्न मात्र नव्हता. मलाचे सात प्रकार चित्रांतून दाखवणारा ब्रिस्टल तक्ता १९९७ पासून उपलब्ध आहे आणि तो छापायला अर्धे पान पुरते. माझा या सेवेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप मिथेनचा. बद्धकोष्ठतेत ज्या सूक्ष्मजीवाची सर्वाधिक चर्चा होते तो मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय हा जिवाणू नसून आर्किया या वेगळ्या गटातला आहे. तो हायड्रोजनपासून मिथेन तयार करतो आणि मिथेनमुळे आतड्याची हालचाल मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे आतडे मंद म्हणून सूक्ष्मजीव बदलतात, तसेच सूक्ष्मजीवांमुळे आतडे मंदावणेही शक्य आहे. ४० पानांत त्याचे नावही नाही. अहवालासोबत मिळणाऱ्या फोनवरील सल्ल्यात मी हे विचारले, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी ‘टेक्निकल टीमला विचारून कळवते’ असे सांगितले. अद्याप काही कळवलेले नाही. श्वासातील मिथेन मोजणारी साधी चाचणी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होते, हेही मला डॉक्टरांकडूनच समजले.

‘प्रिव्होटेला जास्त, लक्ष द्या’ हा शेरा तर हास्यास्पद होता. धान्य-कडधान्यांवर जगणाऱ्या भारतीयांच्या आतड्यात हा जिवाणू मोठ्या प्रमाणात असणे नेहमीचेच आहे, हे भारतीय नमुन्यांवरील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. रोज ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाणाऱ्या बाईला कोणत्या देशाच्या सरासरीशी ताडून पाहिले, हे अहवालात कुठेच लिहिलेले नाही.

मुळात मलाच्या नमुन्यातून बद्धकोष्ठतेबद्दल किती कळू शकते, यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१६ साली बद्धकोष्ठता असलेल्या २५ आणि निरोगी २५ स्त्रियांची तुलना केली. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरील जिवाणूंवरून कोणाला बद्धकोष्ठता आहे हे ९४ टक्के अचूकतेने ओळखता आले. मलातील जिवाणूंचे नाते मात्र आजाराशी नव्हे, तर मल पुढे सरकण्याच्या वेगाशी आणि मिथेनशी असल्याचे दिसले. अस्तरावरचा नमुना दुर्बिणीने तपासतानाच घेता येतो, श्रीखंडाच्या डब्यात नव्हे. शिवाय शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जात असतील, तर तो दोष जिवाणूंच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. त्यासाठी वेगळी तपासणी आणि स्नायूंचे प्रशिक्षण लागते.

केवळ कुतूहल असेल आणि पैसे खर्च करण्याची तयारी असेल, तर ही चाचणी जरूर करावी. रंगीत आलेख पाहायला मजा येते. बद्धकोष्ठतेचे कारण शोधण्यासाठी मात्र मी हिची शिफारस करणार नाही. वेळेवर सेवा आणि चांगली नळी यांसाठी पाचपैकी दोन तारे देते. कॅप्सूलचा कोर्स मी न मागवताच घरी आला होता. तो त्याच दिवशी परत पाठवला असून खात्यातून वळते केलेले पैसे महिना झाला तरी परत आलेले नाहीत.