जुन्या टर्बो गाडीचा अवाजवी दाब : नळी, कंट्रोलर, सफाई की नवा टर्बो?

धामनोदकडून इंदूरला परतताना, मानपूरच्या घाटात ऐन चढावर, दहा-बारा वर्षे वापरलेल्या डिझेल गाडीचा जोर एकाएकी नाहीसा होतो. कडेला थांबून किल्ली बंद केली आणि गाडी पुन्हा सुरू केली, की ती काही झालेच नाही अशी चालू लागते. स्कॅनर लावल्यावर बहुधा पी 0234 हा कोड निघतो. टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाचा, दाब मर्यादेपलीकडे गेल्याची ती नोंद असते. म्हणजे गाडीची ताकद संपलेली नसते, तर वाढलेला दाब पाहून ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, स्वतःच हात आखडता घेतलेला असतो. यानंतर मालकाला जे सल्ले मिळतात ते एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. एक मिस्त्री रबरी नळ्या बदलायला सांगतो, दुसरा टर्बो उघडून साफ करू म्हणतो, तिसऱ्याच्या मते टर्बोच गेलेला असतो, आणि एखादा हौशी मित्र बूस्ट कंट्रोलर, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब (बूस्ट) ठरवणारे उपकरण, बसवण्याचा आग्रह धरतो. खर्चाच्या दृष्टीने पहिला उपाय काही शेकड्यांत आणि तिसरा दहा हजारांच्या पटीत जाणारा असल्यामुळे, कोणता उपाय कोणत्या गाडीला लागू पडतो हे आधी समजून घेतलेले बरे.

सर्वप्रथम मोजमापाविषयी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब साधारण 950 मिलिबार असतो; 1013 हा आकडा मुंबईच्या किनाऱ्यावरचा. किल्ली फिरवून, परंतु इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर मॅनिफोल्डचा (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळकांड्याचा) दाब पाहिला तर तो या 950 च्या आसपास दिसला पाहिजे. तो बराच वर किंवा खाली असेल तर संशय सेन्सरवर घ्यावा आणि बाकीची खरेदी थांबवावी. ईसीयू निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेसकट एकूण, दाब मोजतो, तर डॅशबोर्डवर बसवलेले दाबाचे घड्याळ बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढेच दाखवते. त्यामुळे 2000 मिलिबार निरपेक्ष दाब म्हणजे इंदुरात घड्याळावर 1.05 बार आणि मुंबईत जेमतेम 1 बार. फरक लहान आहे, पण दुसऱ्या गावच्या गाडीचा आकडा ऐकून घाबरणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आता मुख्य भेद. जुन्या गाड्यांतले टर्बो ढोबळमानाने दोन घराण्यांतले असतात, आणि एकाच इंजिनावर दोन्ही आढळतात. मारुतीच्या 1.3 लिटर डीडीआयएस इंजिनाचा 75 पीएसचा स्विफ्टमधला अवतार स्थिर टर्बोचा आहे, तर एसएक्स-4 आणि अर्टिगामधला 90 पीएसचा अवतार बदलत्या पात्यांच्या टर्बोचा. पहिल्या घराण्यात वेस्टगेट नावाचे एक झाकण असते. बूस्ट ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की तोच दाब एका रबरी नळीतून ॲक्च्युएटरच्या (झाकण हलवणाऱ्या डबीच्या) पडद्यावर येतो, स्प्रिंग दबते, दांडी सरकते आणि झाकण उघडून जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला, म्हणजे त्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाला, वळसा घालून निघून जातो. दुसऱ्या घराण्यात असे झाकण नसते. टर्बाइनभोवतीची पाती मिटली की दाब वाढतो, उघडली की उतरतो, आणि ती मिटवण्याचे काम पुष्कळ गाड्यांत व्हॅक्यूम करतो.

नळीच्या सल्ल्याचा निकाल येथेच लागतो, कारण तीच फाटलेली नळी दोन्ही घराण्यांत नेमके उलटे परिणाम घडवते. वेस्टगेटच्या गाडीत नळी चिरली, तर पडद्यापर्यंत दाबाची वार्ताच पोहोचत नाही, झाकण मिटलेलेच राहते आणि बूस्ट बेफाम चढतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पात्यांच्या गाडीत नळी चिरली, तर पाती उघडी राहतात आणि गाडी उलट मेंगळट होते. म्हणून 75 पीएसच्या स्विफ्टमध्ये दाब जास्त येत असेल तर पहिले पैसे नळीवर आणि ॲक्च्युएटरवर खर्च करावेत, हा सल्ला योग्य आहे. अर्टिगाच्या मालकाला अवाजवी दाबासाठी तोच सल्ला दिला गेला तर मिस्त्रीने गाडी नीट पाहिलेली नाही असे खुशाल समजावे. पात्यांच्या गाडीत एक सोपी परीक्षाही करता येते. ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि थोडे अंतर गाडी चालवावी. दाब खाली आला, तर पाती मोकळी आहेत आणि दोष व्हॅक्यूम कमीजास्त करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या हवा सोडणाऱ्या मार्गात शोधावा. तरीही दाब चढत असेल, तर पाती काजळीने अडकली आहेत. वेस्टगेटच्या गाडीवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नये. तेथे नळी काढणे म्हणजे लगाम तोडणे होय.

बूस्ट कंट्रोलरबद्दल मला स्वतःच्या अनुभवावरून थोडे कडक लिहावे लागेल. माझ्या जुन्या टर्बो पेट्रोल गाडीत दाब जास्त येतो म्हणून एका दुकानदाराने मला हाताने फिरवायचा कंट्रोलर विकला, आणि नावात ‘कंट्रोल’ असल्यामुळे मीही तो घेतला. हे उपकरण ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब अडवते किंवा त्यातला काही बाहेर सोडून देते, म्हणजे ॲक्च्युएटरला खरा दाब कमी भासतो आणि झाकण उशिरा उघडते. त्यामुळे बूस्ट वाढवता येतो, पण ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली तो कधीही उतरवता येत नाही. महागडा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर सुरुवातीची उसळी जास्त चांगली आवरतो इतकेच. स्प्रिंगची मर्यादा त्यालाही ओलांडता येत नाही. माझ्या गाडीचा दोष पुढे बोटभर लांबीच्या कडक झालेल्या नळीत निघाला. डिझेल गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवणे हाही असाच प्रकार. तो व्हॉल्व्ह पेट्रोल गाडीचे थ्रॉटल मिटल्यावर अडकलेली हवा सोडण्यासाठी असतो, बूस्टची कमाल मर्यादा तो राखत नाही.

ॲक्च्युएटरची दांडी नटाने लांब करून झाकण लवकर उघडायला लावणे हा फुकटातला उपाय आहे आणि त्याने दाब खरोखर उतरतो. परंतु स्प्रिंगचा ताण फार सैल केल्यास झाकण पूर्ण मिटत नाही आणि खालच्या आरपीएमवर गाडी उठत नाही. झाकणाची कडी गंजून अडकली असेल, तर दांडी कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही. शहरात रोज पलासिया ते राजवाडा अशा गर्दीत फिरणाऱ्याला हा सौदा परवडणार नाही. मी त्याऐवजी नवा ॲक्च्युएटर घेईन.

दाब एकदम उसळून स्थिर न होता आरपीएमबरोबर सावकाश चढतच राहत असेल, तर प्रकार वेगळा आहे. एक्झॉस्ट मोठा केलेल्या किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेल्या वेस्टगेटच्या गाडीत हे होते, कारण झाकण पूर्ण उघडूनही वाट अपुरी पडते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, दाट हवेत ते अधिक जाणवते. येथे झाकणाची वाट खरडून रुंद करणे किंवा बाहेरचे वेगळे वेस्टगेट वेल्ड करणे असे दोन पर्याय सांगितले जातात. पण रस्त्यावरच्या गाडीसाठी मूळ एक्झॉस्ट परत बसवणे स्वस्तही आहे आणि पीयूसीच्या वेळी मान खाली घालावी लागत नाही. मोटार वाहन कायद्याचे, गाडीतल्या फेरबदलांविषयीचे कलम 52 आणि विम्याचा दावा यांचा विचारही बाहेरचे वेस्टगेट बसवण्यापूर्वी करावा.

राहता राहिला पात्यांच्या टर्बोचा प्रश्न, आणि जुन्या स्कॉर्पिओ, सफारी किंवा अर्टिगाच्या मालकासाठी खरा निर्णय सफाई की नवा टर्बो हाच असतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी पात्यांवर काजळी बसते. टर्बो न काढता आत फेस मारून करायची सफाई स्वस्त असते, पण ती हलक्या काजळीपुरतीच पुरते. शिवाय कॉस्टिकयुक्त फेस ॲल्युमिनियमच्या भागांवर गेला तर तो धातूच खातो. टर्बो उतरवून, टर्बाइनची बाजू उघडून केलेली सफाई जास्त भरवशाची असते. ती करताना पात्यांचा किमान प्रवाह ठरवणारा स्क्रू मुळीच हलवू देऊ नये, हे मिस्त्रीला आधीच सांगावे. पात्यांच्या खुंट्या झिजून ढिल्या झाल्या असतील तर सफाई केलेली पाती काही महिन्यांत पुन्हा अडकतील. अशा वेळी स्वस्त म्हणून सुचवले जाणारे नुसते कार्ट्रिजही पुरणार नाही, कारण पुष्कळदा त्यात शाफ्ट आणि चाके नवी येतात, तर पाती ज्या नोझल रिंगवर असतात ती जुनीच राहते. रिंगसह भाव विचारून घ्यावा आणि तो पूर्ण टर्बोच्या भावाशेजारी ठेवून पाहावा. पूर्ण टर्बो घेतल्यास त्याच्यासोबत तेल नेणारी नळीही बदलावी, कारण जुन्या नळीतला जळलेल्या तेलाचा कचरा नव्या बेअरिंगला फार काळ टिकू देत नाही.