नाव दुसऱ्याचं दिसत होतं, तरी मी पैसे पाठवले

श्रीलंकेच्या सहलीच्या नावाखाली एका माणसाने फसवलं, एकूण ६,३३,६०० रुपये गेले. अकरा जणांचे, माणशी ५७,६००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण लोक आडून आडून विचारतात आणि मी "गेले थोडेफार" म्हणून विषय बदलत आलो. थोडे नाही गेले. आणि ते सगळे माझ्या हातून गेले, कारण क्लबचा खजिनदार मी.

कोकण किनाऱ्यावर आमचा विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर पाणी कापायच्या खेळाचा, छोटा क्लब आहे. सहा बोर्ड, नऊ शिडं आणि पत्र्याची एक शेड. ऑक्टोबर ते मे दुपारचा वायव्येचा वारा सुटला की पोरं खाडीच्या तोंडाशी उतरतात. पावसाळ्यात दर्या खवळलेला, जलक्रीडा बंद, होमस्टे रिकामे. आपल्याला झोडपणारा तोच नैर्ऋत्य मोसमी वारा श्रीलंकेत कल्पिटियाला मात्र कोरडा वाहतो. जुलैत तिथे दिवसचे दिवस वारा पडत नाही आणि लगूनचं, म्हणजे किनाऱ्याआडच्या उथळ खाजणाचं, पाणी सपाट असतं. म्हणजे जुलैत कल्पिटियाला जायचा बेत चुकीचा नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, कारण गावात "परदेशाची हौस नडली" असं बोललं जातं. अकरापैकी चार पोरं बोटीवर कामाला आहेत. दोन सीझन पैसे साठवून त्यांनी हे भरले होते. त्यांना हौशी म्हणू नका.

तो माणूस फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्याच होमस्टेत दोन रात्री राहून गेला. सहली नेतो म्हणाला. हार्नेस, फिन, बूम, आमच्या खेळाचे सगळे शब्द तोंडात. खांदा दुखावलाय म्हणून पाण्यात मात्र उतरला नाही. माझ्या घरी जेवलेला माणूस, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊक असतो: व्हॉट्सॲपचा ग्रुप, रंगीत पीडीएफ, "ग्रुप रेट आजच्यापुरता". माणशी ६२,००० ठरले. मुंबई–कोलंबो विमान, सात रात्री, बोर्ड आणि शीड भाड्याने, सगळं धरून. त्यातले १२,००० निघताना विमानतळावर द्यायचे होते. शेवटचे पैसे तो नंतर घेणार, या एका गोष्टीवर आम्ही निर्धास्त झालो.

आता ती रात्र. २ एप्रिल, पावणेदहा. मी ओटीवर बसलो होतो. पहिला हप्ता माणशी १५,०००, एकूण १,६५,०००. यूपीआयवर दिवसाला एक लाखाची मर्यादा, म्हणून आधी एक लाख पाठवायला घेतले. क्रमांक टाकला आणि स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. कंपनीचं नाही, त्या माणसाचंही नाही. बायको शेजारी बसून कोकमं निवडत होती. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, ह्यां नाव कोणाचां?" मी त्याला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. "काका, ते आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचं खातं. कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, मार्चएंड ना." मला ते पटलं. मार्चएंडला बँकांचे गोंधळ कोण बघत नाही? पिन टाकला. बायको काही बोलली नाही, कोकमाचं सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेले ६५,००० पाठवले, तेव्हा तेच नाव. १६ मे रोजी व्हिसा आणि विम्याचे माणशी ४,५००, म्हणजे ४९,५०० पाठवले, तेव्हाही तेच. ३० मे रोजी टीसीएसचे, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराचे, माणशी ३,१००, म्हणजे ३४,१००, तेव्हाही तेच. चार वेळा ते नाव माझ्या डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्या वेळेपासून तर मला ते ओळखीचं वाटायला लागलं होतं. मी झोपेत नव्हतो, पिऊन नव्हतो. बत्तीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस आहे मी. पैसे ज्याला देताय त्याचं नाव स्क्रीनवर नसेल, तर तिथेच फोन खाली ठेवा. कारण विचारत बसू नका, कारण त्याच्याकडे तयार असतं.

मोठा हप्ता २२ एप्रिलला, ३,८५,०००, आरटीजीएसने. फॉर्मवर मी कंपनीचं नाव लिहिलं, त्याने दिलेला खाते क्रमांक लिहिला, काउंटरवर शिक्का बसला. मला वाटलं, बँकेतून जातंय म्हणजे नाव ताडून जातंय. तसं नव्हतं. पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळो न जुळो. खातं त्याच बाईचं निघालं. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी समोरच्या खात्याचं नाव पाहायची सोय बँकांनी द्यायची आहे. ती मागून घ्या, काउंटरवरचा माणूस आपणहून सांगेलच असं नाही.

आणखी खुणा होत्या. पीडीएफमध्ये लगूनच्या मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर होते. कल्पिटिया म्हणजे वाळूची सपाट पट्टी आणि माड, डोंगर कुठून येणार? तो फोटो इजिप्तमधल्या दहाबसारख्या जागेचा असणार. आमच्यातल्या एका पोराने विचारलंही, मीच त्याला गप्प केलं. त्याची मी माफी मागितली आहे. पावतीवर पत्ता मुंबईचा आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होणारा. २४ गुजरातचा, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकायला मिनिट लागतं, मी ते मिनिट दिलं नाही. व्हिसाचं तर विचारूच नका. त्या काळात श्रीलंकेने भारतीयांना पर्यटक व्हिसाची फी माफ केली होती, थोडं सेवाशुल्क पडत असेल तेवढंच. टीसीएस खरंच भरला असता तर प्रत्येकाच्या २६एएस मध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या पत्रकात, दिसला असता. ऑगस्टमध्ये सीएने उघडून बघितलं, अकराही जणांचं कोरं.

तिकिटांचं सांगतो, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. ६ एप्रिलला त्याने पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, पाठवला. मी विमान कंपनीच्या साइटवर टाकला, अकराही नावं बरोबर आली. मी समाधानाने ग्रुपवर टाकलं. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. जागा नुसती धरून ठेवता येते, मुदतीत पैसे भरले नाहीत की आपोआप सुटते. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या खऱ्या तिकिटावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो, तो मागा. आणि एकदा बघून थांबू नका, दर आठवड्याला बघा. विमान १३ जुलैचं. ११ ला वेब चेक-इन करायला गेलो तर असं बुकिंगच नाही. त्याचा फोन बंद. ग्रुपमधून तो सकाळीच बाहेर पडला होता. पोरांच्या बॅगा भरून झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न: पैसे कधी गेले? एप्रिल-मे म्हटल्यावर आवाजच बदलला. खातं गोठवायचं तर पहिल्या काही तासांत, आता तक्रार नोंदवून ठेवा. ठेवली. मग पोलीस ठाणं. "तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना? मग हा दिवाणी मामला." माझ्या घरी जेवून, खोटी तिकिटं दाखवून पैसे नेले, आणि हा दिवाणी मामला? दुसऱ्या दिवशी म्हणाले कंपनी मुंबईची, मुंबईला जा. गेलो. रात्रीची गाडी, पावसाळी वेळापत्रक, सकाळी दादरला उतरलो. तिथले म्हणतात पैसे तुमच्या गावातून गेले, गावाला जा. नवे फौजदारी कायदे १ जुलैपासून लागू झालेले, त्यात झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. कागद छापून नेला होता. साहेबांनी तो न वाचता परत दिला. मग कलमाचा घोळ: व्यवहार जुलैआधीचा म्हणून फसवणुकीचं जुनं ४२० की नवीन ३१८, यावर माझ्यासमोर दोघांची चर्चा. अकरा माणसांचे पैसे गेलेत आणि यांना आकडा ठरत नाही! गुन्हा नोंदवायला ४३ दिवस लागले. तोवर त्या खात्यात २१२ रुपये उरले होते.

बँक म्हणते खातं आमच्या शाखेचं नाही. बँकिंग लोकपालाकडून उत्तर आलं, व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला. म्हणजे चोराने घर फोडलं तर गुन्हा, आणि फसवून आपल्याच हाताने दार उघडायला लावलं तर आपली चूक. कुठल्याही खिडकीवर कुणी बसायला सांगितलं नाही. ग्राहक आयोगात मात्र आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेटे नाहीत. ते मला कुणी सांगितलं नाही, सहा महिन्यांनी स्वतः वाचून कळलं. तुम्ही पहिल्या आठवड्यात करा. आणि लाजेने दोन दिवस घरात बसू नका. आमच्यातल्या दोघांनी अजून घरी सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यांचे जबाब नाहीत आणि केस तेवढी लंगडी आहे.

चार पोरांचे २,३०,४०० मी माझ्या खिशातून दिले. त्यासाठी माझा बोर्ड आणि दोन शिडं विकली, बाकी बायकोच्या ठेवीतून काढले. उरलेल्या सहा जणांनी मागितले नाहीत, पण क्लबच्या हिशेबाची वही आता दुसरा सांभाळतो. पुढच्या सोमवारी मला परत ठाण्यात बोलावलंय. चारही स्क्रीनशॉट छापून ठेवलेत, चारहींवर त्या बाईचं नाव आहे.