आर ही भाषा आठ महिने वापरल्यानंतर: 'वर्ष == वर्ष' ने केलेला घोळ

परवा दुसऱ्यांदा तेच झालं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर रिव्ह्यू लिहिणं हा आपला पिंड नाही. आर ही आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा, डीप्लायर हे तिच्यातलं टेबलांवर काम करायचं पॅकेज, याहून जास्त सांगत बसत नाही, वापरणारेच वाचतील. मी मूळचा पायथनवाला, कामामुळे इकडे आलो.

पहिले दोन आठवडे प्रेमातच होतो. डीप्लायरच्या फिल्टरमध्ये, म्हणजे टेबलातल्या हव्या त्या ओळी निवडणाऱ्या फंक्शनमध्ये, सरळ 'वय > ३०' लिहायचं, ना अवतरणचिन्हं, ना टेबलचं नाव परत परत. पायथनमध्ये फंक्शनला काही द्यायचं तर आधी त्याचं उत्तर काढलं जातं आणि ते उत्तर आत जातं. इथे गणिताचा कागदच आत जातो, सोडवायचं की नाही आणि कुठे बसून सोडवायचं ते फंक्शन ठरवतं. लागलंच नाही तर सोडवतही नाही, म्हणजे आर्ग्युमेंटमध्ये (फंक्शनला जे देतो त्यात) एरर फेकणारं स्टॉप लिहून दिलं आणि फंक्शनने आत ते वापरलंच नाही तर काहीही होत नाही, प्रोग्राम मजेत पुढे जातो. मला वाटलं वा, फुकटचं काम करतच नाही ही भाषा, आपल्यासारखीच.

मग एक छोटं फंक्शन लिहिलं. टेबल आणि वर्ष द्यायचं, त्या वर्षाची बेरीज मिळणार. आत फिल्टरमध्ये लिहिलं 'वर्ष == वर्ष', माझ्या डोक्यात डावीकडचा कॉलम आणि उजवीकडचं आर्ग्युमेंट. फिल्टर मात्र कुठलंही नाव दिसलं की आधी टेबलमध्ये शोधतो, तिथे नाही सापडलं तरच बाहेर येतो. म्हणजे कॉलमची तुलना स्वतःशीच, प्रत्येक ओळीला ट्रू, सगळी वर्षं आत. एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि वर कहर म्हणजे ओळी थोड्या कमी झालेल्या दिसल्या म्हणून मी फिल्टर चाललाय समजून खूष! कमी झाल्या होत्या त्या फक्त वर्षाचा रकाना रिकामा असलेल्या, कारण एनएची, म्हणजे रिकाम्या जागेची, तुलना केली की उत्तर एनएच येतं आणि फिल्टर त्या ओळी टाकून देतो. चुकीची बेरीज रिपोर्टमध्ये गेली आणि नऊ दिवसांनी दुसऱ्याच कोणीतरी पकडली. ते नऊ दिवस मी अजून विसरलेलो नाही.

उपाय शोधायला गेलो तर आणखी वैताग. २०१७ च्या आसपासची उत्तरं एनक्वो आणि दोन उद्गारचिन्हं सांगतात, २०१९ नंतरची दुहेरी महिरपी कंस, त्याआधीची फंक्शनच्या नावाला शेवटी अंडरस्कोर लावायला सांगतात. शिवाय कंस आहेत ते कॉलमचं नाव आत पाठवायला, माझी भानगड आर्ग्युमेंटच्या व्हॅल्यूची होती. तिला औषध डॉट-एन्व्ह, म्हणजे 'हे टेबलमध्ये शोधू नकोस, बाहेरचं घे'. एका ओळीचं औषध, सापडायला अख्खी संध्याकाळ. फिल्टरसारखंच काम करणारं आरचं स्वतःचं सबसेट आहे, त्याचं मदतपान तर स्पष्टच सांगतं की ही सोय हाताने बसून काम करताना वापरा, प्रोग्राम लिहायचा तर चौकटी कंस बरे. मदतपान आधी कोण वाचतं म्हणा.

तेव्हा दोन स्टार देणार होतो. मग मधल्या काळात मत बदललं, ते अट मोडली की एरर देऊन थांबणाऱ्या स्टॉपइफनॉट या फंक्शनमुळे. त्यात 'शिल्लक >= ०' अशी अट लिहिली आणि ती मोडली, तर मी लिहिलेली अटच शब्दशः एररमध्ये येते. पायथनच्या साध्या फंक्शनला हे जमत नाही, त्याच्यापर्यंत फक्त ट्रू किंवा फॉल्स पोचतं. प्लॉटच्या अक्षांवर आपोआप येणारी नावं, कोडला लागलेला वेळ मोजणाऱ्या सिस्टम-टाइमला द्यायचा अख्खा कोड, सगळी त्याच न सोडवलेला कागद आत जाण्याच्या सोयीची कृपा. हे रोज वापरतो आणि आता पायथनमध्ये परत गेलो की हात बांधल्यासारखं होतं.

लिस्प या जुन्या भाषेवाल्यांनी हे भांडण कधीच भांडून घेतलंय. आर्ग्युमेंट न सोडवता घेणाऱ्या फंक्शनांना ते फेक्सप्र म्हणायचे, आणि त्यांच्यातल्याच केंट पिटमनने १९८० मध्येच मांडलं होतं की हे नको, मॅक्रो (चालवण्याआधीच उलगडून साधा कोड होणारे तुकडे) वापरा, कारण नुसता कॉल बघून आतलं काय सोडवलं जाणार हे कंपायलरला कळत नाही. कंपायलरचं सोडा हो, मला कुठे कळलं.

आता परवाचं. पहिल्या घोळानंतर मी शहाणपणा करून बाकीच्या फंक्शनांत आर्ग्युमेंटला वेगळी नावं दिली होती, एकात 'मर्यादा'. डॉट-एन्व्ह सगळीकडे लावायचा कंटाळा केला, नाव वेगळं आहे ना, मग झालं. सहा महिने सुरळीत. परवा डेटा पाठवणाऱ्यांनी टेबलमध्ये एक नवीन कॉलम वाढवला, नाव मर्यादा. माझ्या कोडचं एक अक्षर बदललेलं नाही आणि निकाल बदलला, परत एरर नाही, वॉर्निंग नाही!

साडेतीन स्टार. अर्धा स्टॉपइफनॉटचा. काल बसून चौदा फंक्शनांत डॉट-एन्व्ह लावलं, अजून सहा बाकी आहेत.